राज्यपाल आणि आपले मत
(बुरोंडी येथील व्याख्यानाचा गोषवारा)

अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर जनता निवडते. आपल्या घटना समितीनेही जुलै १९४७ मध्ये निर्वाचित राज्यपालाची कल्पना स्वीकारली होती. मे १९४९ मध्ये ती सोडली. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात संघर्ष अटळ, ही भीती रास्तच होती. म्हणून कलम १५५ नुसार राष्ट्रपती नियुक्ती करतात. व्यवहारात निर्णय केंद्र सरकारचा. म्हणजे राज्यपालपदाची वाटही लोकसभेच्या मतदानातूनच जाते.

बुरोंडी ज्या रायगड मतदारसंघात मोडते, तेथे २०१४ मध्ये अनंत गीते अवघ्या २११० मतांनी विजयी झाले. एवढी मते तर दापोलीच्या चार-दोन गावांतली! गावच्या यादीत नाव असलेला चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो. मतदानाला येतोच असे नाही. कार्यकर्त्यांनी यादी घेऊन वाडीवाडीत आधीच विचारायला हवे.