बेटावरची सुटी आणि दूरचा सामना

सुटी म्हणजे नेहमीच्या जगापासून दूर जाणें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हवाई बेटांवर जाणारा अमेरिकन प्रवासी याच हेतूनें घराबाहेर पडतो. होनोलुलूचा निळा समुद्र, नारळीच्या रांगा आणि बारमास सौम्य हवा यांच्या सहवासांत घर, कचेरी आणि घड्याळ हीं तिन्ही विसरावीं, अशी त्याची इच्छा असते. परंतु हा गृहस्थ बेसबॉलचा रसिक असला, तर त्याचा आवडता संघ त्याच्या पाठोपाठ समुद्र ओलांडून येतो.

याचें कारण त्या खेळाच्या व्यवस्थेंत आहे. क्रिकेटचा कसोटी सामना ठराविक दिवसांचा असतो; तो संपला कीं रसिक मोकळा होतो. अमेरिकेंतील प्रमुख संघांना मात्र सुमारें सहा महिन्यांच्या हंगामांत प्रत्येकी १६२ सामने खेळावयाचे असतात. सामना जवळजवळ रोजचाच. त्यामुळें आठवड्याची रजा घेतली, तरी पांच-सहा सामने हुकतात. एकेक सामना क्षुल्लक वाटतो. पण हिशेब अखेरीस होतो. १९५१ सालीं, हंगाम १५४ सामन्यांचा असतांना, न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स हे संघ शेवटीं बरोबरींत राहिले आणि निर्णयासाठीं त्यांना आणखी तीन सामने खेळावे लागले. हुकलेल्या सामन्याची हुरहुर खऱ्या रसिकाला कां लागते, हें यावरून ध्यानांत येईल.

त्यांतच घड्याळाची अडचण. उन्हाळ्यांत न्यूयॉर्कची वेळ होनोलुलूच्या सहा तास पुढें असते. तिकडे सायंकाळीं सातला सुरू होणारा सामना इकडे दुपारीं एक वाजतां सुरू होतो. मुलें लाटांशीं खेळत असतात, पत्नी किनाऱ्यावर वाट पाहत असते, आणि यजमानांची दृष्टि हातांतल्या फोनवर खिळलेली असते! अशा वेळीं घरच्या माणसांनीं रागावूं नये, असें कोण म्हणेल?

पूर्वी हा पेंच पडत नसे, कारण बातमीच उशिरां येई. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून होनोलुलूपर्यंत समुद्रांतून तार आली ती १९०३ च्या सुमारास. तोंपर्यंत वर्तमान येई तें जहाजानें. १९२१ सालीं पिट्सबर्गहून प्रमुख संघांचा सामना प्रथम रेडिओवरून ऐकविण्यांत आला. पुढें १९६१ पासून हवाईचा स्वतःचा व्यावसायिक संघ खेळूं लागला. तो परगांवीं खेळे, तेव्हां निवेदक होनोलुलूंतच बसून, दुरून आलेल्या त्रोटक मजकुरावरून सामन्याचें वर्णन रचून सांगत. ऐकणाऱ्याला तें मैदानावरूनच येत असल्याचा भास होई.

या बेटाचें आणि या खेळाचें नातें मात्र त्याहूनही जुनें आहे. १८४५ सालीं न्यूयॉर्कमध्यें स्थापन झालेल्या निकरबॉकर क्लबच्या पहिल्या मंडळींत अलेक्झांडर कार्टराइट हा होता. खेळाचे नियम घडविण्यांत त्याचा वांटा किती, याविषयीं संशोधकांत मतभेद आहेत. १८४९ सालीं त्यानें न्यूयॉर्क सोडलें, आणि त्याच वर्षीं तो होनोलुलूला येऊन स्थायिक झाला. तार नाहीं, रेडिओ नाहीं. जुन्या सवंगड्यांचा खेळ ऐकण्याची सोय नाहीं. तरी १८६५ सालीं एका जुन्या मित्राला त्यानें लिहिलें, कीं त्या दिवसांत ज्या चेंडूनें आपण खेळत होतों तो अद्याप आपल्याजवळ आहे. १८९२ सालीं तो होनोलुलूसच निवर्तला. तेथील त्याच्या समाधीवर आजही रसिक बेसबॉलचे चेंडू ठेवून जातात.

कार्टराइटला प्रत्येक धाव कळत नव्हती, म्हणून त्याचें प्रेम उणें ठरलें नाहीं. आजच्या प्रवाशाला प्रत्येक चेंडूची खबर क्षणांत मिळते. त्याची कसोटी निराळी आहे. संघ सोडावा, असें त्याला कोणी म्हणणार नाहीं. दुपारीं मुलांबरोबर पाण्यांत उतरावें आणि सायंकाळीं निकाल वाचावा, एवढा संयम त्याला साधला, तर सुटी आणि संघ दोन्ही त्याच्या पदरीं पडतील. हंगाम लांब असतो, आणि उद्यांही सामना असतोच. मुलांचें बालपण मात्र इतकें लांब नसतें.