मेंदूचे चित्र आणि वर्गातला मुलगा

दिग्रसच्या एखाद्या वर्गात असा मुलगा असेल. यवतमाळच्या एस.टी. गाड्यांच्या वेळा घडाघडा सांगतो. पण खेळायला बोलवा, तर खांब धरून उभा! आपण त्याला ‘तऱ्हेवाईक’ म्हणून मोकळे होतो.

अशा लक्षणांचा दाट मेळ म्हणजे स्वमग्नता. लिओ कॅनर यांनी १९४३ साली तिचे वर्णन केले. विरळ छटा मात्र धडधाकट माणसांतही असतात. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन व सहकाऱ्यांनी २००१ साली त्या मोजायला ५० प्रश्नांची सूची केली. पुढे संशोधकांनी अशा निरोगी माणसांच्या मेंदूची चुंबकीय यंत्राने चित्रे घेतली. काही फरक दिसले. पण ते सरासरीचे, बारीक, अभ्यासागणिक बदलणारे. एकट्या मुलाचे चित्र पाहून निदान होत नाही.

ते वागणे पाहूनच तज्ज्ञ करतात. आणि वागणे आधी दिसते आईला नि गुरुजींना. मुलाचे बोलणे, शिकणे, मिसळणे अडत असेल, तर तपासून घ्या. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला दिव्यांगत्वात धरले आहे. अडत नसेल, तर शिक्का मारू नका. गुरुजी, उद्या त्याला दोन गाड्यांमधल्या वेळेचेच गणित घाला. बघा, खांब सोडतो की नाही!