बांधकाम, खाणी आणि वीज

नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकातून पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडले, की समोर पहाडगंज लागते. हॉटेलांच्या पाट्या, कपड्यांची दुकाने, सामानाच्या पेट्या घेऊन वाट काढणारे प्रवासी आणि त्यांना हाका मारणारे रिक्षावाले, असा सारा गजबजाट असतो. या वस्तीत बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने दिल्लीला आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांना या दोन वास्तूंनी आधार दिला. अशा ठिकाणी चार जुनी माणसे जमली म्हणजे दिल्ली मराठी माणसाने कशी गाजवली, हा विषय ओघानेच निघतो. मग चिंतामणराव देशमुखांचे नाव निघते, यशवंतराव चव्हाणांचे निघते. काकासाहेब गाडगीळांचे नाव निघाले, तर ते बहुधा त्यांच्या वक्तृत्वासाठी आणि विनोदासाठी. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे कोणते खाते होते, हे मात्र फार थोड्यांना चटकन आठवते. त्या खात्याचे नाव होते बांधकाम, खाणी आणि वीज.

खाते ज्याचे, त्यातला तज्ज्ञच मंत्री असावा, हे मत आपल्याकडे वारंवार मांडले जाते. विजेचे खाते अभियंत्याकडे द्यावे, आणि तो अभियंता लष्करी शिस्तीत वाढलेला असेल तर दुधात साखर! जगात असे प्रयोग झालेही आहेत. ब्राझीलमध्ये सेझार काल्स नावाचे लष्करी अभियंते होते. लष्करी राजवटीत ते सेआरा प्रांताचे राज्यपाल झाले आणि पुढे १९७९ ते १९८५ या काळात खाणी व ऊर्जा या खात्याचे मंत्री होते. इताइपूचे अजस्र धरण त्यांच्याच कारकिर्दीत भरले आणि तेथे वीज निर्माण होऊ लागली. आपल्याकडे मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी हे लष्कराच्या अभियंता दलातून निवृत्त होऊन राजकारणात आले आणि केंद्रात रस्त्यांचे मंत्री झाले. गाडगीळांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ते सैनिक नव्हते, अभियंतेही नव्हते. ते पुण्याचे वकील होते. पण दैवाचा खेळ असा, की लष्करी अभियंत्याचे काम आणि वीजमंत्र्याचे काम ही दोन्ही एकाच वेळी त्यांच्या पदरात पडली.

नरहर विष्णू गाडगीळ यांचा जन्म १८९६ सालचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, नंतर वकिली, १९२० पासून काँग्रेस, पुढे तुरुंगवास, १९२९ साली अस्पृश्यांना पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहात भाग, आणि १९३४ पासून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात सभासद. कायदेमंडळातील वादविवाद हे त्यांचे खरे मैदान. सिमेंटचे मिश्रण किंवा जनित्राचा वेग यांच्याशी त्यांचा संबंध आला तो मंत्री झाल्यावरच.

ते मंत्री झाले आणि अवघ्या काही आठवड्यांत दिल्ली पेटली. सप्टेंबर १९४७ मधील दंगलीची झळ पहाडगंजला फार तीव्र लागली. तेथील मुसलमान कुटुंबे घरे सोडून जुन्या किल्ल्यातील छावणीत गेली आणि पश्चिम पंजाबातून उखडलेले हिंदू व शीख निर्वासित पहाडगंजात आले. तेथील मुलतानी ढांडा ही वस्ती आजही नावाने त्याची साक्ष देते. फाळणीच्या रेषेने माणसे तोडली, तसे रस्तेही तोडले. श्रीनगरला जाणारा बारमाही रस्ता रावळपिंडी आणि बारामुल्ला या मार्गाने होता. जम्मूचा रस्ता आणि लोहमार्ग सियालकोटहून होता. रावळपिंडी आणि सियालकोट ही दोन्ही ठाणी आता पाकिस्तानात गेली होती. पठाणकोटहून कठुआ, सांबा असा जम्मूपर्यंत एक कच्चा मार्ग उरला होता, आणि तोही रावी, उझ, बसंतर, तवी अशा नद्यानाले ओलांडणारा. हिवाळ्यात या ओढ्यांत वाळू आणि गोटे दिसतात. पावसाळ्यात त्यांचे रूप असे पालटते, की तासाभरात पाणी छातीला लागते. २६ ऑक्टोबर १९४७ रोजी काश्मीरच्या महाराजांनी सामीलनाम्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमानांनी सैन्य श्रीनगरला उतरू लागले. परंतु विमानाने तुकडी पोचते, युद्ध पोचत नाही. दारूगोळा, पेट्रोल, शिधा, रणगाडे यांना रस्ता लागतो.

या रस्त्याची हकीकत गाडगीळांनी आपल्या आठवणींत सांगितली आहे. सरदार पटेलांनी नकाशा पुढे करून सुमारे ६५ मैलांचा हा रस्ता आठ महिन्यांत झाला पाहिजे, असे सांगितले. गाडगीळांनी नकाशावर दिसणाऱ्या नद्या आणि डोंगर दाखवून अडचण मांडली. ती ऐकून घेण्याची सरदारांची तयारी नव्हती. काम झालेच पाहिजे, एवढेच उत्तर मिळाले. मग राजस्थानातून खास आगगाड्यांनी मजूर आणले गेले. सुमारे दहा हजार माणसे रस्त्यावर राबू लागली, रात्री प्रखर दिव्यांच्या उजेडात काम चालू राहिले, मजुरांसाठी दवाखाने, बाजार आणि चित्रपटाचे खेळसुद्धा त्या माळावर आले, आणि रस्ता मुदतीत पुरा झाला.

या हकीकतीत मला दवाखाने आणि बाजार यांचा उल्लेख विशेष अर्थपूर्ण वाटतो. रस्त्याची रेषा कोठून न्यावी, मोरी कोठे बांधावी, खडीचा थर किती द्यावा, हे अभियंत्याने ठरवले. दहा हजार माणसे घरापासून शेकडो मैल दूर, युद्धाच्या तोंडाशी, थंडीत महिनोन् महिने टिकून कशी राहतील, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या ग्रंथात सहसा सापडत नाही. वकील असलेल्या मंत्र्याला तो सापडला. पैसा मंजूर करणे, रेल्वेकडून गाड्या मिळवणे, इतर खात्यांच्या कागदांना वाट करून देणे, ही त्याची अवजारे. नुसत्या हुकमाने रस्ता होत नसतो, आणि नुसत्या ज्ञानानेही होत नसतो.

त्याच मोहिमेत, त्याच रस्त्याच्या पुढे, एक खराखुरा मराठी लष्करी अभियंताही काम करीत होता. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. पुण्याशेजारी खडकी येथे ज्यांचे मुख्य ठाणे आहे, त्या बॉम्बे सॅपर्स दलातील ते अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यावयाचे होते आणि शत्रूने वाटेत सुरुंग पेरून, झाडे पाडून, मोऱ्या उडवून रस्ता बंद केला होता. ८ एप्रिल रोजी राणे यांची तुकडी सुरुंग काढण्यास पुढे सरसावली, तोच तिच्यावर तोफगोळ्यांचा मारा झाला. दोघे ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. तरीही त्यांनी तुकडी पुन्हा उभी केली. त्या दिवसापासून ११ एप्रिलपर्यंत, शत्रूच्या माऱ्यात, कोठे सुरुंग काढीत, कोठे पाइनचे प्रचंड वृक्ष बाजूला सारीत, तर कोठे रणगाड्यांसाठी वळणरस्ता कोरीत त्यांनी वाट मोकळी केली. राजौरी हाती आली. राणे यांना परमवीरचक्र मिळाले. ते हयातीत मिळवणारे ते पहिले वीर होत. मेजर म्हणून ते १९६८ साली निवृत्त झाले.

राणे यांच्यापुढे जो सुरुंग होता, तो एक तर निघणार होता किंवा फुटणार होता. पठाणकोटच्या रस्त्याचेही तसेच. पावसाळ्याआधी तो झाला काय किंवा न झाला काय, हे कोणासही डोळ्यांनी दिसणार होते. याच खात्याच्या नावातील तिसरा शब्द मात्र वेगळ्या जातीचा होता. विजेच्या कामाला आठ महिने म्हणजे काहीच नव्हे. तेथे मुदत पिढ्यांची असते, आणि मंत्र्याची मुदत त्या मानाने फारच थोडी.

या कामाची पायाभरणीही एका मराठी माणसाने केली होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीच्या पुराने बांध फोडला, रेल्वेमार्ग आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटला, आणि ब्रह्मदेशच्या आघाडीला रसद पुरवणाऱ्या कलकत्त्याचा ऐन युद्धात उर्वरित देशाशी असलेला संपर्क खंडित झाला. पूर, शेती आणि वीज यांचा एकत्र विचार करणारी योजना हवी, या विचाराला त्यातून जोर आला. नमुना म्हणून अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याकडे पाहण्यात आले. त्या खोऱ्यातील विल्सन धरण पहिल्या महायुद्धात स्फोटकांना लागणाऱ्या नायट्रेटसाठी सुरू झाले होते, आणि ते बांधले होते अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांनी. युद्धाने सुरू केलेली कामे शांततेने पुरी करावयाची, असा हा जुनाच शिरस्ता दिसतो.

आंबेडकरांनी आखलेल्या या कामाला कायद्याचे रूप देण्याची जबाबदारी गाडगीळांवर आली. दामोदर खोरे महामंडळाचे विधेयक त्यांनी मांडले. १९४८ च्या मार्चमध्ये त्याचा कायदा झाला आणि जुलैमध्ये महामंडळ कामास लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वीजपुरवठ्याचा कायदा झाला. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशाची विद्युत्‌निर्मितीची क्षमता सुमारे १३६२ मेगावॅट होती, आणि तीही मोठ्या शहरांच्या आसपास एकवटलेली. कंपनीला जेथे नफा दिसेल तेथे तार जाई. प्रत्येक प्रांतात एक वीज मंडळ असावे आणि त्याने नफ्याकडे न पाहता खेड्यांपर्यंत तारा न्याव्यात, ही या कायद्यामागील कल्पना. दिल्लीचे वीज मंडळ याच कायद्याने १९५१ साली स्थापन झाले. मुंबई राज्याचे १९५४ साली. पहाडगंजच्या निर्वासितांच्या खोल्यांतून पुढे जे दिवे लागले, त्यांच्या मागे हा कायदा उभा होता. २००३ साली नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. म्हणजे पंचावन्न वर्षे तो टिकला. कायद्याच्या मानाने हे आयुष्य लहान नव्हे.

परंतु दामोदरची कथा इतकी सुखाची नाही. मूळ योजनेत आठ धरणे होती. तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चार १९५३ ते १९५९ या काळात बांधून झाली आणि पहिला टप्पा तेथेच थांबला. त्याचे बीज कायद्यातच होते. विजेच्या कामाचा भांडवली खर्च केंद्र, बिहार आणि पश्चिम बंगाल यांनी समान वाटून घ्यावयाचा. पूरनियंत्रणाच्या खर्चात मात्र चौदा कोटी रुपयांपर्यंत केंद्र आणि बंगाल यांचा निम्मा निम्मा वाटा, आणि त्यापुढचा सारा भार एकट्या बंगालवर, अशी तरतूद होती. पुराचे पाणी अडवण्यासाठी जमीन बुडणार बिहारची, संरक्षण मिळणार बंगालला, आणि चौदा कोटींपुढे हात आखडता घेणार केंद्र! अशा हिशेबात उरलेली धरणे कोणाच्याच निकडीची राहिली नाहीत. नदीला पूर येतच राहिले. जेथे वीज विकून पैसा येतो तेथे काम पुढे जाते. पूर न आल्याची पावती कोणी फाडत नाही. या कलमाचा दोष विधेयक मांडणाऱ्या मंत्र्याकडेही जातो, असे मला वाटते. तीन सरकारांना एका सहीवर आणण्यासाठी त्याला ही तडजोड करावी लागली असेल. तरीही रस्त्याच्या वेळी जसा सरदारांचा एक शब्द पाठीशी होता, तसा येथे कोणाचाच नव्हता.

१५ डिसेंबर १९५० रोजी सरदार गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस खात्यांची फेररचना झाली आणि गाडगीळांकडची वीज दुसऱ्या मंत्रालयात गेली. त्यांच्याकडे बांधकाम, उत्पादन आणि पुरवठा ही खाती राहिली. १९५२ च्या निवडणुकीनंतर मंत्रिमंडळात त्यांचा समावेश झाला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या वादळात १९५७ साली पुण्याच्या मतदारांनी त्यांना पराभूत केले. पुढल्या वर्षी ते पंजाबचे राज्यपाल म्हणून चंदीगढला गेले. मंत्री असताना भाक्र्याची योजना त्यांच्या खात्याच्या कक्षेत होती; आता सतलजच्या घळीत तिची काँक्रीटची भिंत थरावर थर चढत होती. जलाशय भरू लागला, जुने बिलासपूर गाव आणि तेथील देवळे पाण्याखाली गेली, आणि भाक्रा-नांगलची वीज पंजाबच्या शेतांवर व दिल्लीतही पोचली. राज्यपालाच्या हाती या कामातले काहीच नसते. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी पंडित नेहरूंनी ते धरण राष्ट्राला अर्पण केले. त्याच्या वर्षभर आधीच गाडगीळ राज्यपालपद सोडून पुण्याला परतले होते.