वाफ ग्रहाची की डागाची?

८ जून २००४ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकत गेला. रोह्याजवळच्या आमच्या वरसे गावात ग्रहणाचा चष्मा लावून, ढगांच्या फटींतून आम्ही तो तिळाएवढा ठिपका पाहिला. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "अरे, मग ऊन कसं कमी झालं नाही?" कमी झालं होतं, पण हजारात एक भाग. एवढं माणसाला जाणवत नाही, यंत्राला जाणवतं.

दूरच्या ताऱ्यांचे ग्रह शोधण्याची एक रीत हीच. ग्रह स्वतः दिसत नाही. तो ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड किंचित घटतो आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा तेवढाच घटतो. याला अधिक्रमण म्हणतात. परक्या ताऱ्यावर ते पहिल्यांदा नोंदलं गेलं १९९९ मध्ये.

पण तारा म्हणजे काही स्वच्छ पुसलेली काच नव्हे. हंस तारकासमूहात, सुमारे १२० प्रकाशवर्षं दूर, 'हॅट-पी-११' हा तारा आहे. सूर्याहून थंड आणि चांगलाच डागाळलेला. त्याचा नेपच्यूनएवढा ग्रह २००९ मध्ये जाहीर झाला. त्याचं वर्ष पाच दिवसांहून लहान. हा ग्रह डागावरून सरकला की गंमत होते. डाग मुळातच काळपट, तिथे झाकायला उजेड कमी, म्हणून घटलेला प्रकाश थोडा वेळ वर येतो. त्यावरून डागाची जागा कळते. वाटेत न येणारे डाग मात्र फसवे. तारा एकंदरीत मंदावलेला, ग्रहाची वाट तेवढी उजळ. मग ग्रह आहे त्याहून मोठा वाटतो. आम्ही कवी चंद्राच्या डागाचं कौतुक करून मोकळे होतो, या मंडळींना डागाचा हिशेब द्यावा लागतो.

२०१४ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून या ग्रहाच्या वातावरणात पाण्याची वाफ आढळली. पण थंड ताऱ्यांच्या डागांतही वाफ असू शकते. मग ही वाफ कुणाची? केप्लर आणि स्पिट्झर या दुर्बिणींच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा दिसलं की इथले डाग वाफ टिकण्याइतके थंड नाहीत. वाफ ग्रहाचीच.

या ग्रहाच्या कहाणीत आपला जुन्नर तालुकाही आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. २००९ मध्ये फ्रेंच आणि पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञांनी तिच्यातून या ताऱ्याकडे पाहिलं. ताऱ्याच्या दिशेने क्षीण रेडिओलहरी येत होत्या, आणि ग्रह ताऱ्यामागे गेला तेव्हा त्या थांबल्या! त्या खरोखर ग्रहाच्या असतील तर त्याला दमदार चुंबकीय क्षेत्र असणार. आपल्या पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सूर्याकडून येणारे भारित कण वळवतं, तेव्हा ही बातमी लहान नव्हती.

आमच्याकडे ईदचा चांद एकट्याला दिसला म्हणून लगेच शिरखुर्म्याला दूध उकळायला ठेवत नाहीत, आणखी कुणी पाहिला का ते विचारतात. इथेही तसंच. २०१० मध्ये पुन्हा दुर्बीण लावली. काही आलं नाही. ग्रह त्या वेळी शांत होता, की पहिल्या वेळचा संकेत हा निव्वळ योगायोग होता, हे त्यावरून ठरवता येईना. २०१३ मध्ये त्यांनी निबंध छापला, त्यात दोन्ही निरीक्षणं शेजारी शेजारी मांडली. मला तो निबंध आवडतो.