कप्प्याबाहेरची ध्वनिमुद्रिका



ग्रंथालयात एखादी ध्वनिमुद्रिका कोणत्या कप्प्यात ठेवावी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु जी मुद्रिका कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही, ती कालांतराने विस्मरणात जाते. 1980 साली जर्मनीत प्रकाशित झालेली ‘लाइफ’ ही मुद्रिका अशांपैकीच एक होय. तिच्यावर तीन नावे एकत्र आली आहेत : म्यूनिखचा ‘एम्ब्रियो’ हा रॉक वाद्यवृंद, अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो आणि बंगळूरचे ‘कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन’.

मारियानो यांचा जन्म 1923 साली बॉस्टन येथे झाला. जॅझमध्ये नाव मिळवल्यानंतर ते दक्षिण भारतीय नागस्वरमकडे वळले. हे वाद्य म्हणजे आपल्या सनईचे थोरले भावंड. क्रिस्टियन बुर्चार्ड यांनी 1969 मध्ये स्थापन केलेला एम्ब्रियो वाद्यवृंद 1978-79 मध्ये खुष्कीच्या मार्गाने, अफगाणिस्तानातून भारतापर्यंत आला. बंगळूरला मृदंगवादक टी. ए. एस. मणी यांनी 1964 मध्येच तालवाद्यांच्या शिक्षणासाठी आपली संस्था उभी केली होती. त्यांच्या पत्नी, गायिका रमामणी, ह्याही तिच्या कार्याशी निगडित होत्या.

रॉक वादकांना बंगळूरला काय हवे होते? पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची चाल बहुधा चार मात्रांची असते. सत्तरीच्या दशकातील प्रयोगशील रॉक वादकांना ती अपुरी वाटू लागली. ते पाच, सात, अकरा मात्रांकडे वळले. परंतु पुष्कळदा ह्या मात्रा कष्टाने मोजाव्या लागत आणि वादनात तो कष्ट ऐकू येई. कर्नाटक पद्धतीत विद्यार्थी वाद्याला हात लावण्यापूर्वी ताल मुखाने म्हणतो. ‘तकधिमि’ म्हणजे चार, ‘तकिट’ म्हणजे तीन, ‘तकतकिट’ म्हणजे पाच. आठ मात्रांच्या आदितालात पाच मात्रांचा बोल आठ वेळा म्हटला, की चाळीस मात्रा होतात आणि पाच आवर्तने पुरी होऊन बोल बिनचूक समेवर येतो. झपताल किंवा रूपक ऐकणाऱ्या मराठी रसिकाला हा हिशेब परका वाटू नये. तो जिभेवर बसला, म्हणजे बोटांना वेगळे मोजावे लागत नाही.

ह्या संगमाचे फलित एका मुद्रिकेपुरते राहिले नाही. 1983 मध्ये म्यूनिखच्या ‘ईसीएम’ संस्थेने मारियानो आणि बंगळूरचे हेच कलावंत यांची ‘ज्योती’ ही मुद्रिका काढली. तीत गिटार नाही, ड्रमसंच नाही. रमामणींचा कंठ, मृदंग, घटम्, खंजिरा आणि मारियानो यांचा सॅक्सोफोन व बासरी आहे. पाहुण्याने यजमानाच्या घरी त्याच्या रीतीने बसावे, तसे हे वादन आहे. बंगळूरच्या ‘ह्यूमन बाँडेज’ ह्या रॉक वाद्यवृंदातील ड्रमवादक रमेश शोट्टम हेही ह्याच संस्थेत तविल शिकले आणि पुढे युरोपात गेले. म्हणजे ही वाट दोन्ही दिशांनी चालली गेली.

तरीही ‘लाइफ’ उपेक्षित राहिली. रॉकच्या चाहत्यांनी तिला भारतीय ठरविले, कर्नाटक संगीताच्या जाणकारांनी विदेशी, तर जॅझच्या अभ्यासकांनी रॉक. शिवाय ‘श्नेबाल’ ही तिची प्रकाशनसंस्था संगीतकारांनी स्वतःच चालविलेली, म्हणून मोठ्या कंपन्यांचे वितरणबळ तिच्यापाशी नव्हते.

ह्या उपेक्षेने हानी होते ती केवळ एका मुद्रिकेची नव्हे. त्या काळातील रॉकचा इतिहास लिहिताना लंडन व न्यूयॉर्क ही नावे सहज येतात; बंगळूरचा उल्लेख झालाच, तर दूरच्या रंगीत पार्श्वभूमीसारखा होतो. वास्तविक ह्या प्रकरणात बंगळूर ही पाठशाळा होती. परदेशी वादक येथे नुसता नवा नाद वेचावयास आले नाहीत. येथील गुरूंसमवेत बसून त्यांनी वादन केले आणि मुद्रिकेवर गुरूंच्या संस्थेचे नाव आपल्या नावाच्या बरोबरीने छापले. ग्रंथपालाने ही मुद्रिका तिन्ही कप्प्यांत नोंदवावी. तेवढ्यानेही शोधणाऱ्याच्या हाती ती लागेल, आणि शिकविणाऱ्याचे नाव शिकणाऱ्याच्या नावामागे झाकले जाणार नाही.