मुख्य पीक आणि आंतरपीक

श्रोतेहो, मुलगा एम.एससी.ला गेला की आपण बजावतो, "आता इकडेतिकडे बघू नकोस, आपला विषय तेवढा धर." बोलणं काळजीपोटीच असतं. फीचे पैसे उभे करताना बापाचं कंबरडं मोडलेलं असतं. पण हा सल्ला हिताचाच असतो का?

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचंच पाहा. जन्म १९०७ साली गोव्यातला. १९२९ साली ते हार्वर्डचे पदवीधर झाले. तिथे गणिताबरोबर ते भाषाही शिकले. पुढे पुण्यात गणित शिकवीत असताना त्यांनी तक्षशिलेच्या जुन्या चांदीच्या नाण्यांचा अभ्यास केला. नाणं जितकं हातोहात फिरतं तितकं झिजतं, वजनाला उतरतं. तेव्हा आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं? प्रश्न इतिहासाचा, उत्तर शोधलं तराजूनं आणि संख्याशास्त्रानं! १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांनी सिद्ध केली. आणि गणित? ते काही त्यांनी सोडलं नाही.

शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. बाजरीत आपण तुरीचं पाटं धरतोच की! म्हणून बाजरी काही मुख्य पीक राहत नाही असं नाही.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, गावचा पदवीधर सुट्टीत आला म्हणजे त्याला विहिरीवर न्या. पाणी खारं का, हे त्याचं रसायनशास्त्र सांगेल. पण गोडं पाणी कोणाच्या वाट्याला येतं आणि खारं कोणाच्या, हे कळायला त्याला दुसरी पुस्तकं उघडावी लागतील. ती त्याला उघडू द्या.