एकाच रकान्यातली माणसं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, रामनवमीच्या सुमाराला पोहरादेवीला कधी गेलात, तर दर्शनाच्या रांगेत लागण्याआधी जरा गाड्या उभ्या असतात तिकडे चक्कर मारा आणि नंबरप्लेटी वाचा. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं हे गाव. इथं संत सेवालाल महाराजांची समाधी आहे, जगदंबेचं मंदिर आहे, आणि बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. यवतमाळ, नांदेड, परभणी, जालना इथल्या गाड्या तर असतातच. त्यांच्या बाजूला तेलंगणाच्या असतात, कर्नाटकाच्या असतात. माणसं खाली उतरली, की सगळ्यांची बोली एक. म्हातारी याडी तेलंगणातून आलेली असो की दिग्रसजवळच्या तांड्यावरची, दोघी गोरमाटीत बोलतात आणि पहिल्या दोन वाक्यांत एकमेकींचं गोत्र विचारून घेतात.

आता याच दोन याड्यांच्या नातवांचे कागद शेजारी शेजारी ठेवा. तेलंगणातला नातू लंबाडा, म्हणजे अनुसूचित जमातीचा. कर्नाटकातला लंबाणी, तो अनुसूचित जातीचा. आणि आपल्याकडचा बंजारा विमुक्त जातीचा, म्हणजे अर्जात ज्याला ‘व्हीजे-ए’ लिहितात तो. लग्नसंबंध होऊ शकतील अशी ही माणसं, पण तीन राज्यांच्या तीन याद्यांत बसलेली. हा नुसता नावाचा फरक नाही. तेलंगणातल्या लंबाड्याला विधानसभेच्या आणि लोकसभेच्या राखीव जागेवरून उभं राहता येतं. आपल्याकडच्या बंजाऱ्याला तशी राखीव जागा नाही. तिकडे ॲट्रॉसिटीचा कायदा त्याला संरक्षण देतो, इकडे नाही. तिकडे क्रीमी लेअरची अट नाही, इकडे दाखल्यासोबत नॉन क्रीमी लेअरचा दाखलाही जोडावा लागतो.

हे मला ठाऊक असण्याचं कारण माझ्या कवितेत नाही, माझ्या पोटापाण्यात आहे. मी बीए झालो, मराठीत कविता लिहू लागलो, आणि कवितेवर चूल पेटत नाही हे कळल्यावर तालुक्याच्या कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहू लागलो. त्याला आता तीस वर्षं होत आली. दाढी-टोपी पाहून लोक ‘चाचा’ म्हणतात आणि पुढ्यात कागदांची पिशवी उपडी करतात. जातीच्या रकान्यात काय लिहायचं, हे मी इतक्या लोकांसाठी लिहिलंय, की त्या रकान्याबद्दल दोन शब्द बोलण्याचा माझा हक्क असावा.

हा प्रश्न आपल्याच देशात आहे असं नाही. अमेरिकेत स्पॅनिश भाषेच्या देशांतून आलेल्या सगळ्यांची नोंद सरकार एकाच मथळ्याखाली करतं. त्यांना कुणी हिस्पॅनिक म्हणतं, कुणी लॅटिनो. २०२० च्या जनगणनेत अशी माणसं सहा कोटींच्या वर भरली. त्यांत निम्म्याहून जास्त मेक्सिकोच्या मुळाची. पनामाची माणसं त्यांच्यापुढे चिमूटभर, दोन-अडीच लाखांच्या घरात. पण शिक्षणात, इंग्रजीत, मिळकतीत या पनामावाल्यांची सरासरी एकूण मथळ्याच्या सरासरीपेक्षा वर असते. का? ते जास्त हुशार म्हणून नव्हे. पनामाचा कालवा अमेरिकेने बांधला आणि १९९९ च्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यावर ताबा ठेवला. तिथं अमेरिकी फौज होती, अमेरिकी कचेऱ्या होत्या. कालवा खणायला बार्बाडोस, जमैकाहून जे काळे मजूर आणले, ते इंग्रजी बोलतच आले होते. त्यांच्या नातवंडांना अमेरिकेचं दार आधीपासून ओळखीचं होतं. पण त्याच कालव्यावर पगाराच्या दोन याद्या होत्या. सोन्याची यादी गोऱ्या अमेरिकनांची आणि चांदीची बहुतेक या काळ्या मजुरांची. राहायची जागाही वेगळी. म्हणजे सरासरीत पुढे दिसणाऱ्यांच्या पोटातही वरचा-खालचा होताच.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या कचेरीसमोरचा कडुनिंब दिसला. त्याच्याखाली एका उन्हाळ्यात, एकाच दिवशी, दोन अर्ज माझ्याकडे आले. एक बंजारा बाप, मुलगा बारावी झालेला. त्याच्या पिशवीत सगळं होतं. आज्याच्या शाळेचा १९५७ चा दाखला, त्यात जात स्वच्छ लिहिलेली, जमिनीचा जुना उतारा, चुलत्याचा वैधता दाखला. विमुक्त जातीला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात, कारण आपल्या राज्याने ती यादी तेव्हा केली. याच्याकडे त्याहून जुना कागद होता. माझं काम अर्ध्या तासात झालं.

दुसरा आला तो वडार. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. याचा बाप खाणीवर दगड फोडायचा, आजा पाटे-वरवंटे घडवून गावोगाव विकायचा. आजा शाळेत गेला नाही. जन्मला एका जिल्ह्यात, गेला दुसऱ्यात, आणि मधलं आयुष्य पालात. जमीन नाही, म्हणून उतारा नाही. कागद नसेल तर गृहचौकशी करून दाखला देण्याची सोय आहे, पण गृहचौकशीला आधी गृह लागतं. तो मला म्हणाला, “चाचा, माझ्या हाताकडं बघून नाही का देत?” तळहात माझ्यासमोर धरला होता. श्रोतेहो, वडार आणि बंजारा हे दोघंही महाराष्ट्राच्या यादीत त्याच विमुक्त जातींच्या चौदा नावांत येतात. नोकरीत त्या चौदांना मिळून तीन टक्के. कैकाडी, कंजारभाट, रामोशी, बेरड, पालपारधी, छप्परबंद, सगळे त्याच तीनात. त्या पोरीला त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. आत्याच्या सासरच्या गावी कोतवाल बुकात एका जन्माची नोंद सापडली, तीत ‘वडर’ असं लिहिलेलं. तिच्यावरून दाखला झाला तो पुढच्या वर्षी.

म्हणून भटक्या-विमुक्तांची स्थिती कशी आहे असं कुणी सरसकट विचारलं, की मी उलट विचारतो, यातल्या कुणाची?

बंजारा समाज या मोठ्या मथळ्यात एकूण पुढे आहे, हे मान्य करायला हरकत नसावी. त्याची कारणंही उघड आहेत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणारे हे लमाण. मोगलांच्या फौजांनाही रसद यांच्या तांड्यांनीच पुरवली. आगगाडी आणि पक्क्या सडका आल्या, इंग्रजांनी मिठावर ताबा बसवला, आणि बैलांचा धंदा बुडाला. काही प्रांतांत त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्काही बसला, तो १८७१ च्या कायद्याचा. पण व्यापार बुडाल्यावर विदर्भातले बरेच तांडे माळावर स्थिरावले आणि शेती करू लागले. जमीन हलकी, पण नावावर. तांड्याला नायक असतो, कारभारी असतो. त्यामुळे साहेबापुढे जायचं तर तांडा एका तोंडाने बोलतो. संख्याही मोठी. आणि पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या तांड्यात १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून जास्त राज्याचे मुख्यमंत्री होते. पुढे सुधाकरराव नाईकही झाले. आश्रमशाळा निघाल्या, त्यांत तांड्यावरची पोरं शिकली, मास्तर झाली, ग्रामसेवक झाली. हे सगळं वडाराच्या, कैकाड्याच्या वाट्याला त्या मानाने फार थोडं आलं. पालातल्या माणसाला मतदारयादीत नाव लावणंच अवघड, मग आमदार कुठून येणार?

इथवर ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे बंजाऱ्यांचं भागलं. त्याने दसरा-दिवाळी झाल्यावर तांड्यावर यावं. घरांना कुलपं, ओट्यावर म्हातारी आणि एखादं शेरडू. बाकी तांडा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कारखान्याला गेलेला. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती नवरा-बायको दोघांच्या जोडीवर. त्या जोडीला कोयता म्हणतात. माणसाला हत्याराचं नाव पडलं, यावरून हिशोब कुणाच्या बाजूने होतो ते समजा. एक जण आजारी पडला, तर कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. लेकरं बरोबर जातात. शाळेच्या हजेरीपटावर नाव राहतं, पोर उसाच्या फडात. मार्च-एप्रिलात परत येतात तेव्हा परीक्षा तोंडावर. याच समाजाचे डॉक्टर पुसदला दवाखाने चालवतात, अधिकारी मुंबईत बसतात, तेही खरं आहे. दोन्ही बेरजेत घातले, की जी सरासरी निघते तिच्यात ना डॉक्टर ओळखू येतो ना कोयता.

आपल्याकडच्या बंजाऱ्यांची मागणी आहे, की आम्हालाही तेलंगणासारखं जमातीत घ्या. २०२५ च्या सप्टेंबरात, हैदराबाद गॅझेटियरची चर्चा तापली होती तेव्हा, या मागणीसाठी मोठमोठे मोर्चे निघाले. आदिवासी संघटनांनी लगेच विरोधाचे मोर्चे काढले. कोण बरोबर, हा निवाडा मी देणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण सीमेपलीकडे काय झालं ते सांगतो. तेलंगणात २०१७ साली गोंडांनी आणि इतर आदिवासींनी आंदोलन उभारलं, की लंबाड्यांना जमातीच्या यादीतून काढा, आमच्या जागा ते नेतात. आदिलाबाद भागात त्या वर्षाच्या शेवटी हिंसाही झाली. कर्नाटकात २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने अनुसूचित जातींचे गट पाडायचं ठरवलं, तेव्हा लंबाणी आणि भोवी, म्हणजे आपल्याकडच्या वडारांचे भाऊबंद, यांच्याच गटात अगदी लहान लहान भटक्या जाती घातल्या. त्या भटक्या जाती रस्त्यावर आल्या. त्यांचं म्हणणं, या मोठ्यांच्या ताटात आमचा हात पोहोचत नाही. गंमत बघा. ज्याला आपल्याकडे जमातीचं दार बंद आहे, तोच तिकडे थोरला भाऊ म्हणून खटकतो. आणि आपल्याकडे कागदासाठी तळहात दाखवणारा वडार, भोवी म्हणून तिकडे मोठ्यांच्या पंगतीत मोजला जातो.

मी मुसलमान, मला हा मथळ्याचा त्रास घरचाच आहे. ‘मुस्लिम समाज’ म्हटलं, की बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन, अशराफ सगळे एका पोत्यात. न्यायमूर्ती सच्चर यांच्या समितीने २००६ साली अहवाल दिला, त्यात निदान ओबीसी मुसलमान आणि इतर मुसलमान अशी वेगळी वर्गवारी करून पाहिली, म्हणून काही तरी दिसलं. छप्परबंदांतले मुसलमान तर दोन्हीकडे, धर्माने आमच्यात आणि यादीने वडारांच्या शेजारी. ग्रंथालयातही हेच. ‘उपरा’, ‘उचल्या’, ‘बेरड’, ‘तांडा’ ही पुस्तकं एकाच फळीवर असतात, ‘भटक्या-विमुक्तांची आत्मकथनं’ अशी चिठ्ठी लावून. कैकाडी लक्ष्मण माने यांचं बालपण आणि बंजारा आत्माराम राठोड यांचं बालपण वाचून पाहा. एकाच फळीवर असण्यापलीकडे दोन्हींत साम्य किती आणि फरक किती, ते आपोआप कळेल.

या सगळ्यात खरी अडचण अशी, की आपल्याकडे आकडेच नाहीत. अनुसूचित जाती-जमाती दर दहा वर्षांनी मोजल्या गेल्या, म्हणून तेलंगणात लंबाडा ही सर्वांत मोठी जमात आहे हे ठामपणे सांगता येतं. महाराष्ट्रात बंजारा किती, वडार किती, कुणाची किती मुलं दहावीपर्यंत पोहोचतात, यावर सगळे अंदाज लढवतात. रेणके आयोगाने २००८ साली अहवाल दिला, इदाते आयोगाने २०१८ साली. दोघांनाही ही उणीव भासली. आता केंद्र सरकारने २०२५ साली ठरवलंय, की येत्या जनगणनेत प्रत्येकाची जात लिहायची. त्यासाठी १ मार्च २०२७ ही तारीख धरली आहे.

तारीख ऐकून मी चपापलो. फेब्रुवारीत आमच्याकडचे कितीतरी तांडे रिकामे असतात. माणसं पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याच्या तळावर, कोपीत, पहाटे तीनला उठून फडात जाणारी. मोजणारा मास्तर दिवसा जाईल तेव्हा कोपीत कोण भेटणार? बेघरांची मोजणी शेवटच्या एका रात्रीत करायची पद्धत आहे. पालातले वडार, कैकाडी त्या रात्री कुठल्या गावाच्या शिवारात असतील, ते त्यांनाही आज सांगता येणार नाही. शिवाय नावांचा घोळ. कुणी बंजारा सांगेल, कुणी लमाण, कुणी गोर, म्हातारी तर नुसतं ‘गोरमाटी’ म्हणून मोकळी होईल. यादी करणाऱ्याने ही सगळी नावं एका जागी जोडली नाहीत, तर एका समाजाचे चार तुकडे होतील. वडर आणि वडार वेगळे पडतील, भोवी तिसराच.

माझ्या टेबलावर येणाऱ्यांना मी आतापासून एक सांगतो. कारखान्याला जाताना मोजणीच्या दिवसांत जिथं असाल तिथं नाव लावून घ्या, आणि जात सांगताना आज्याच्या कागदावर जी लिहिली आहे तीच, तशीच सांगा. ज्यांच्याकडे आज्याचा कागदच नाही, त्यांना काय सांगायचं, यासाठी मी तालुक्यातल्या दोन शिक्षकांना येत्या रविवारी कडुनिंबाखाली बोलावलं आहे.